गुपितांना तारीख लावणारे काका

एका बाईची विहीर मी सहा वर्षं सरकारी गुपित करून ठेवली.

मुद्दाम नाही, मदत म्हणून. माझे बहुतेक घोटाळे मदत म्हणूनच झालेले आहेत. कुणाचं वाईट करायचं मी ठरवलं असतं, तर ते मला नीट जमलंही नसतं.

नाशिकमधल्या एका सरकारी कार्यालयात तेव्हा मी नवा कारकून होतो. कुठल्या, ते जाऊ द्या. आवक-जावकच्या खिडकीत बसायचो. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, ट्रेमध्ये ठेवायचा, एवढंच काम. ट्रेमधला कागद साहेबांपर्यंत जायला तीन आठवडे लागत. पण माझ्या ड्रॉवरमध्ये लाल शाईचा आणखी एक शिक्का होता : 'गोपनीय'. तो ज्या पाकिटावर असेल ते त्याच दिवशी, न उघडता, थेट साहेबांच्या टेबलावर जायचं. महिनाभरात मला शोध लागला, की हा शिक्का गुपितासाठी कमी आणि घाईसाठी जास्त उपयोगी आहे. कुणी फार अजिजी केली, की मी हळूच लाल शिक्का मारून कागद पुढे सरकवायचो. लोक म्हणायचे, "भाऊसाहेब, तुमच्या हाताला लय गुण हाय." मी लाजल्यासारखं करायचो.

दिंडोरीकडच्या मथुराबाईंचा कागद त्यातलाच. त्यांच्या सासऱ्यांच्या जमिनीची वाटणी झाली होती आणि विहीर कुणाच्या वाट्यात आहे याची पाहणी होऊन अहवाल आला होता. त्यावर साहेबांची सही झाली, की विहिरीची नोंद सातबाऱ्यावर लागणार. दसऱ्याचा आदला दिवस होता. बाई फुलबाजारात झेंडू विकून आल्या होत्या आणि उरलेल्या फुलांचा एक हार त्यांनी माझ्या खिडकीच्या गजाला अडकवला. पगार सोडून सरकारी नोकरीत मला मिळालेली ती पहिलीच गोष्ट. मी विरघळलो. "ताई, आज संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर!" असं म्हणून मी शिक्का हाणला.

कागद संध्याकाळी खरंच टेबलावर पोचला. दसरा झाल्यावर साहेबांची बदली झाली. टेबलावर जे जे गोपनीय होतं ते कुणीही न उघडता लोखंडी कपाटात गेलं. कपाटाला कुलूप लागलं, कुलपावर लाखेचं सील बसलं आणि मी ते सगळं विसरून गेलो.

साडेचार वर्षांनी मला तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये टाकलं आणि तिथे मला काका भेटले. काका म्हणजे रेकॉर्ड रूमचे प्रमुख. त्यांचं नाव मी सांगणार नाही. 'नाव गुप्त ठेवतो,' असं मात्र म्हणायची सोय नाही, ते लगेच विचारतील, "कधीपर्यंत?"

'कधीपर्यंत?' हा त्यांचा शब्द. सकाळी चहाचं दूध आलं, की पिशवी चष्म्याजवळ नेऊन तिच्यावरची तारीख ते मोठ्यानं वाचत. बिस्किटाचा पुडा, खोकल्याचं औषध, पंख्याचं हमीपत्र, जे हातात येईल त्याची तारीख आधी. सायकलवरून येताना द्वारकेच्या चौकात 'काम चालू, रस्ता बंद' असा फलक दिसला, की उतरून त्याखाली खडूनं 'कधीपर्यंत?' लिहीत. खिशात खडू असायचाच. एकदा वाहतूक पोलिसानं हटकलं. काका म्हणाले, "मी प्रश्न विचारलाय, घोषणा लिहिलेली नाही." पोलीस थोडा वेळ फलकाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तसं मला पण कोणी सांगितलं नाही, काका."

आमच्या खोलीत लाल कापडात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत होते. काका त्यांच्यामधून बोट फिरवत चालायचे, आणि चालता चालता त्यांचं व्याख्यान.

"हे बघ, कागद कधी जाळायचा त्याचे नियम आपल्याकडे आहेत. अ वर्ग कायमचा ठेवायचा, ड वर्ग लवकर रद्दीत. पण हे लाल शिक्क्याचं पाकीट कधी उघडायचं, ते या इमारतीत कुणालाही विचार. जाळायला तारीख आहे, वाचायला नाही!"

मला आधी वाटलं, म्हातारा सगळं चव्हाट्यावर मांडायला निघालाय. तसं नव्हतं. गुपितावर त्यांचा राग नव्हता, उलट फार जीव होता. "वीस पातेल्यांवर झाकण घातलंस, तर दूध कुठल्यात आहे ते मांजरालाच माहीत," असं ते म्हणत. "झाकणं दोनच ठेव. मग त्या दोन्हींवर नीट लक्ष राहतं."

त्यांनी एक चिठ्ठी तयार केली होती, बोटभर रुंदीची. प्रत्येक गोपनीय शिक्क्याखाली ती चिकटवायची. तिच्यावर तीनच ओळी : 'कुणी केलं? कुणापासून? कधीपर्यंत?' तारीख उलटली, की पाकीट आपोआप उघडायचं, कुणाची परवानगी मागायची नाही. अजून झाकून ठेवायचं असेल, तर ज्यानं झाकलं त्यानं पुन्हा सही करून नवी तारीख घालायची. या चिठ्ठीचा सात पानी प्रस्ताव त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून वर पाठवला. आठ महिन्यांनी तो परत आला. शेरा काहीच नव्हता. पहिल्या पानावर लाल शिक्का होता : 'गोपनीय'.

दुसरा कुणी असता तर चिडला असता. काकांनी तो शिक्का भिंगातून पाहिला आणि मग असे हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. "आता माझाच कागद मला वाचता येत नाही, आणि तो कुणाला दाखवला तर मीच गुन्हेगार!" म्हणाले. "पण कुणापासून ठेवला असेल रे? माझ्यापासून तर नाही, मीच लिहिलाय." हा प्रश्न त्यांना आठवडाभर पुरला. जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायचे, "कुणापासून असेल?"

ही पद्धत त्यांनी घरीदारीही लावली होती. कुणी खासगी गोष्ट सांगायला लागलं, की ते खिशातून छोटी डायरी काढत. सांगणाऱ्यानं तारीख घालायची, सही करायची. त्या तारखेपर्यंत काकांच्या तोंडून अवाक्षर निघत नसे, आणि तारीख उजाडली की गोष्ट सगळ्यांची. काकू म्हणायच्या, "यांना काही सांगणं म्हणजे पेपरात जाहिरात देण्यासारखं आहे. छापून कधी यायची तेवढं आपण ठरवायचं."

हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही. लेखा शाखेत एक मुलगी होती. मला ती आवडायची. एका पावसाळी दुपारी मन भरून आलं आणि मी काकांना सांगून टाकलं. त्यांनी डायरी काढली. "कधीपर्यंत?" मला वाटलं, थट्टा चाललीय. म्हटलं, "घाला दिवाळी पाडवा." सही पण केली.

चार महिने काका खडकासारखे गप्प. त्या मुलीच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना सरळ विचारलं, "तो तुमचा कारकून सारखा वरच्या मजल्यावर का येतो हो?" काका म्हणाले, "माहीत आहे, पण पाडव्यानंतर विचारा." पाडव्याला सुट्टी. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये निम्मं ऑफिस फराळाला जमलेलं असताना काका उठले, डायरी उघडली आणि माझं नाव, त्या मुलीचं नाव आणि मजकूर सूचना वाचून दाखवावी तसा वाचून दाखवला. शेवटी म्हणाले, "मुदत संपली."

चकलीचा तुकडा माझ्या घशात. त्या मुलीनं चहा शांतपणे संपवला. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "सगळ्या ऑफिसला माहीत होतं. ह्यांना एकट्यांनाच ते गुपित वाटत होतं."

पुढे आमचं लग्न झालं, हा भाग वेगळा.

मथुराबाई आल्या त्या पुढच्या श्रावणात. मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला नाही. मधल्या काळात मला मिशी आली होती आणि पोटही सुटलं होतं. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून काकांपुढे धरला. माहितीच्या अधिकारात केलेल्या अर्जाचं उत्तर होतं ते : मागितलेला अहवाल गोपनीय असल्याने देता येत नाही.

काकांचे डोळे लकाकले. "विहीर गोपनीय? कुणापासून? बेडकांना तर माहीतच असेल!"

"हसू नका, काका," मथुराबाई म्हणाल्या. "इहीर माज्या मालकाच्या वाट्याची. पाहनी झाली तवा दिरानं सोता सही केली व्हती. मालक गेले आन् दिरानं शब्द फिरवला. म्हनतो, इहीर माजी. तलाठ्याकडं नक्कल व्हती ती वाळवीनं खाल्ली. आता तो समदं रान इकतोय, इहिरीसकट. दिवाळी झाली की खरेदीखत हाय. घेनारा कुंपन घालील. मंग माजा झेंडू मी काय डोळ्यातल्या पान्यावर पिकवू?"

"सहा वर्षं हे असंच अडलंय?"

"अडलंय कुठं, अडवलंय. तवा खिडकीत एक बारीक भाऊसाहेब व्हते. लय गुनाचे. त्यांनी लगोलग काम केलं. पुढं कुनीतरी मोठ्या मान्सानं दाबलं. त्याबिगर सरकार इहिरीला कुलूप लावंल व्हय?"

तो बारीक भाऊसाहेब शेजारच्याच खुर्चीवर बसून गठ्ठ्याची गाठ सोडवत होता. सुटलेली गाठ मी पुन्हा बांधली आणि पुन्हा सोडवायला घेतली.

काका वर मॅडमकडे गेले. त्या वर्षी आलेल्या आमच्या साहेब म्हणजे मॅडम, माणूस सरळ पण सावध. त्या म्हणाल्या, "ज्यानं हे गोपनीय केलं त्यानं लेखी द्यावं, की चूक झाली. पाच मिनिटांत सील काढते. नाहीतर मला वर विचारावं लागेल." वर विचारलं की काय होतं, ते काकांना माहीत होतं.

मग काकांनी त्या माणसाचा शोध सुरू केला, आणि मदतीला घेतलं मला. स्वतःच्या शोधात मी पंधरा दिवस इमारतभर हिंडलो. जुने साहेब फोनवर म्हणाले, माझ्यापर्यंत असं काही आलंच नाही. त्या वर्षी खिडकीवर आम्ही चौघं आळीपाळीनं बसत होतो, त्यातले दोघं बदलून गेले होते. शेवटी काकांनी त्या वर्षीची वही काढली. 'कुणाच्या आदेशाने गोपनीय' असा रकाना होता. त्यात मी त्या दिवशी मोठ्या ऐटीत एकच शब्द लिहून ठेवला होता : 'वरून'.

"वरून म्हणजे कुठून?" काकांनी भिंग लावलं. "गच्चीवरून? कोण रे हा गाढव?"

"असेल कुणीतरी," मी म्हणालो.

मला का सांगता येत नव्हतं, तेही सांगतो. माझं नाव पदोन्नतीच्या यादीत होतं. यादी मार्चमध्ये लागणार होती. नुकतंच लग्न झालेलं. त्यात असं लेखी देणं म्हणजे यादीतून स्वतःच्या हातानं नाव खोडणं. पण रात्री झोप लागेना. शेवटी मला एक युक्ती सुचली. माझ्या युक्त्या मला नेहमी अशा वेळीच सुचतात.

"काका, एक गोष्ट सांगायची आहे. गुप्त ठेवाल?"

डायरी निघाली. "कधीपर्यंत?"

"एकतीस मार्च." मी सही केली, आणि मग सांगितलं.

काकांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "आधी तारीख घेतलीस आणि मग सांगितलंस. ही लबाडी आहे."

"पद्धत तुमचीच आहे, काका."

"आहे ना. म्हणून तर तोंड उघडणार नाही."

त्यांनी खरंच उघडलं नाही. माझ्याशीही नाही. डब्यातली भाजी माझ्या ताटलीत वाढायचं बंद झालं. रोज सकाळी डायरी त्या पानावर उघडून माझ्यापुढे ठेवायचे, वर पेन. "बदलतोस?" मी मान हलवायचो. डायरी मिटायची. दिवसभरातलं संभाषण तेवढंच.

मथुराबाई दर बाजारच्या दिवशी येत. "लागला का पत्त्या, काका?" खोटं बोलणं काकांना जमत नव्हतं आणि खरं बोलायला त्यांच्याच पद्धतीनं बंदी होती. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "ताई, मला ते आत्ता सांगता येत नाही. मार्चमध्ये सांगेन."

"मार्चात? तवर इहीर गेल्याली आसंल!"

"तरी आत्ता सांगता येत नाही."

'आत्ता सांगता येत नाही.' सगळी नोकरी ज्या वाक्याशी भांडण्यात गेली, तेच वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलं होतं. त्या दिवशी काका चहा प्यायले, पण दुधाच्या पिशवीवरची तारीख त्यांनी वाचली नाही. मी पिशवी त्यांच्यापुढे सरकवून पाहिली. त्यांनी ती परत सरकवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मथुराबाई पुन्हा आल्या. हातात झेंडूचा हार होता, जाड, हिरव्या पानांची गुंफण केलेला.

"काका, शोध लागू दे न्हायतर नको. ह्यो हार त्या खिडकीतल्या भाऊसाहेबांचा. दर दसऱ्याला त्यांच्या नावानं एक हार मी देवाला घालते. एकच मानूस भेटला या हापिसात. औंदा म्हनलं, त्यांनाच द्यावा. कुठं असत्यात ते?"

काका छताकडे बघायला लागले. मी इतका घाबरलो, की नको तेच बोललो. "द्या. मी पोचवतो."

बाईंनी हार माझ्या हातात दिला आणि बाहेर बाकावर पाणी प्यायला जाऊन बसल्या. हार चांगलाच जड होता. टेबलावर ठेवावा तर कागद भिजतील, खुंटीला अडकवावा तर समोर दिसेल. मी तो हातात धरून खोलीच्या मधोमध उभा.

काका इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलले. "पोचला का?"

मी हार डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं त्यांच्या खिशातली डायरी ओढून काढली, 'एकतीस मार्च' खोडलं आणि त्या दिवसाची तारीख घातली. काकांनी सही तपासली. खोडल्याच्या जागीही करायला लावली. मग म्हणाले, "चल वर," आणि साठीला टेकलेला तो माणूस जिना दोन-दोन पायऱ्या चढत गेला.

मॅडमपुढे मी लेखी दिलं. काकांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्यांनी खिशातून आपली बोटभर चिठ्ठी काढून पुढे केली. मी भरली. कुणी केलं : मी. कुणापासून : कुणापासूनच नाही. कधीपर्यंत : आजपर्यंत. मॅडमनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "हा नमुना चांगला आहे. कुणी केलाय?" काकांनी नम्रपणे सांगितलं, की ते गोपनीय आहे.

सील फुटलं, कपाट उघडलं. काका लहान मुलासारखे आत वाकले. सहा वर्षं राखलेली ती गुपितं एकेक करून टेबलावर आली. कुणा पाहुण्यांच्या दौऱ्यातल्या जेवणाचा बेत. पडद्याच्या कापडाचे तीन नमुने. एका शिपायाचा आंत्रपुच्छाच्या ऑपरेशनसाठी रजेचा अर्ज. तो शिपाई आता बरा होऊन निवृत्तही झाला होता. लिलावात गेलेल्या जीपची किल्ली. यातले निम्मे शिक्के माझ्या हातचे होते, हे मी ओळखलं. काकांनीही ओळखलं असावं. एकच पाकीट खरं गुपिताचं निघालं. काकांनी पहिली ओळ वाचली, चेहरा गंभीर केला, ते परत मॅडमच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे झाकायलाच हवं. पण तारीख घाला."

तळाला विहीर होती. नकाशा, पाहणीचा अहवाल आणि खाली दोन्ही भावांच्या सह्या. विहीर थोरल्याच्या, म्हणजे मथुराबाईंच्या मालकांच्या वाट्यात. मॅडमनी त्याच दिवशी नक्कल द्यायला सांगितली. दिवाळीच्या आत नोंद लागली. रान विकलं गेलं ते विहिरीशिवाय. माझं नाव अर्थातच यादीतून उडालं, पदोन्नती दोन वर्षं लांबली. "बाकी काही नाही, पण या वेळी तारीख तू स्वतः बदललीस," असं बायको म्हणाली, आणि माझ्या संसारातलं हे एकमेव प्रशस्तिपत्र आहे. काका पुढच्या वर्षी निवृत्त झाले. त्यांची चिठ्ठी अजून कुठल्या नियमात बसलेली नाही, पण आमच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल शिक्क्याखाली ती चिकटवल्याशिवाय पाकीट आत घेत नाहीत. मी तिथे असेपर्यंत तरी घेत नव्हतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं. नक्कल घेऊन आम्ही खाली आलो. मथुराबाईंनी कागद हातात घेतला, दिराच्या सहीवर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ तिथंच ठेवलं. मग पदरानं तोंड पुसून त्यांनी काकांना विचारलं, "आता तरी सांगा. कोन व्हता त्यो मोठा मानूस?"

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, खिशातली डायरी चाचपली आणि माझ्याकडे हात केला. "हे. खिडकीतले भाऊसाहेबही हेच, आणि मोठा माणूसही हेच."

मथुराबाईंनी मला चपलांपासून मिशीपर्यंत सावकाश पाहून घेतलं. हार अजून माझ्या डाव्या हातात होता.

"सहा वर्सं मोठ्या मान्साला म्हनून शिव्या घालत व्हते मी," त्या म्हणाल्या. "समद्या वाया गेल्या. आना तो हार इकडं."